ज्ञानाची देवघेव आणि तिसरा भागीदार

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयाने जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याशी सामंजस्य करार केला. शाल-श्रीफळ झाले, सह्या झाल्या, आणि 'ज्ञानाची देवघेव' हा शब्दप्रयोग त्या दिवशी भाषणांतून निदान दहा वेळा तरी कानांवर आला. पदवीच्या अभ्यासक्रमात आता प्रत्यक्ष कामाच्या अनुभवालाही स्थान मिळाले आहे. त्यानुसार आमचे काही विद्यार्थी त्या कारखान्यात गेले. परत आल्यावर प्रत्येकाने आपली वही सादर केली. एका विद्यार्थिनीच्या अहवालात निष्कर्ष म्हणून एकच ओळ होती : 'पंधरा दिवस खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या.' मी तिला बोलावून घेतले तेव्हा ती म्हणाली, "सर, देवघेव म्हणतात ना? मग त्यांनी आम्हांला काय दिले आणि आमच्याकडून काय घेतले, ते मला तरी कळले नाही."

प्रश्न रास्त होता. मी मानसशास्त्र शिकवतो. व्यवस्थापनशास्त्र हा काही माझा विषय नव्हे. परंतु या दोन शास्त्रांची गाठ पडली ती कारखान्याच्या दारातच. ती कशी पडली, त्यातून कोणाला काय मिळाले आणि कोणाचा वाटा राहून गेला, याचा इतिहास तिच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर देतो असे मला वाटते. म्हणून तो येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

पुस्तकांची अडचण

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १९०८ मध्ये व्यवस्थापनाचे शिक्षण देणारी शाळा काढली. पण शिकवावयाचे काय आणि कशावरून? हिशेबनीस आपले काम पेढीवर बसून शिकत होता, कारखानदार ठेचा खाऊन शिकत होता. त्यांचे ज्ञान त्यांच्या डोक्यात होते, ग्रंथालयात नव्हते. १९१९ मध्ये या शाळेची सूत्रे वॉलेस डॉनम यांच्याकडे आली. ते स्वतः कायद्याचे पदवीधर. कायद्याच्या वर्गात खरे खटले वाचून त्यांवर खल करण्याची रीत होती. तीच त्यांनी व्यापाराच्या वर्गात रुजवली. प्राध्यापकांनी आणि त्यांच्या साहाय्यकांनी कंपन्यांमध्ये जावयाचे, तेथील एखाद्या खऱ्या पेचाची सर्व माहिती गोळा करावयाची, ती लिहून काढावयाची आणि वर्गापुढे ठेवावयाची, असा हा क्रम. यालाच 'केस' असे म्हणतात.

केस म्हणजे काय ते एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट करतो. समजा, एका छापखान्याच्या मालकापुढे प्रश्न आहे की जुने यंत्र दुरुस्त करून चालवावे की कर्ज काढून नवे घ्यावे. त्याचा तीन वर्षांचा जमाखर्च, बँकेचे व्याज, गिऱ्हाइकांच्या तक्रारी, जुन्या यंत्रावर हात बसलेले दोन कामगार, नवे यंत्र आले तर त्यांचे काय होणार, हे सारे पंधरावीस पानांत लिहिलेले असते. शेवट मात्र लिहिलेला नसतो. तो विद्यार्थ्यांनी करावयाचा. एक म्हणतो नवे घ्या, दुसरा म्हणतो थांबा. दोघांनाही कारणे द्यावी लागतात.

या पद्धतीत देवघेव सरळ आहे. उद्योग आपल्या घरातील गोष्ट उघड करतो. शाळा तिला सुसंगत रूप देते आणि बाहेरच्या माणसाच्या नजरेने ती पुन्हा उद्योगापुढे ठेवते. पण यास एक अट आहे. मालकाने फसलेल्या व्यवहाराचे पानही दाखविले पाहिजे. कारखान्याची नुसती स्तुती लिहून आणली तर ती जाहिरात होते. तिच्यावरून वर्गात वाद होऊ शकत नाही.

हॉथॉर्नचा धडा

केस लिहिणारा पाहुणा काही दिवस राहून परत जातो. शाळा आणि कारखाना यांचा याहून दीर्घ सहवास घडला तो शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथे. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा हा प्रचंड कारखाना दूरध्वनीची साधने बनवीत असे. १९२४ मध्ये तेथे एक साधा प्रयोग सुरू झाला : दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते काय? उजेड वाढवला, काम वाढले. पण ज्या गटाचा उजेड मुद्दाम वाढवला नव्हता त्याचेही काम वाढले. पुढे उजेड कमी कमी करीत नेला, तरी काम फारसे उतरेना. अभियंते चक्रावले.

१९२७ मध्ये पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून 'रिले' नावाचा लहानसा भाग जोडण्याच्या कामाचे निरीक्षण सुरू झाले. विश्रांतीच्या वेळा बदलल्या, कामाचे तास बदलले, मोबदल्याची रीत बदलली. १९२८ पासून हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेतील प्राध्यापक एल्टन मेयो यांचा या कामाशी संबंध आला. उत्पादन वाढतच गेले. मेयो आणि त्यांचे सहकारी यांनी त्याचा अर्थ असा लावला की कामगार हा केवळ पैशासाठी हलणारा हात नाही. त्याच्याकडे कोणी लक्ष देते, त्याचा एक गट बनतो, त्या गटाला आपले असे काही वाटते, याचा कामावर परिणाम होतो. पुढे वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी ठरावीक प्रश्न विचारले जात. लवकरच असे दिसून आले की माणसाला त्याच्या मनातले बोलू दिले तर अधिक कळते. आमच्या विषयातील मुलाखततंत्राचा विद्यार्थी आजही हा धडा गिरवतो.

या प्रयोगांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्या पाचांपैकी दोन मुलींना, त्या फार बोलतात आणि पुरेसे सहकार्य करीत नाहीत असे ठरवून, मधूनच बदलण्यात आले होते. उत्पादन वाढले त्यात मोबदल्याच्या नव्या पद्धतीचाही वाटा होता, असे पुढील टीकाकारांनी दाखवून दिले. आणखी एक निरीक्षण तर फारच बोलके आहे. १९३१-३२ मध्ये तारा जोडणाऱ्या चौदा पुरुषांचे काम पाहण्यात आले. त्यांनी दिवसाचे काम किती असावे हे आपसांत ठरवून टाकले होते. त्याहून जास्त करणाऱ्याला त्यांच्यात मान नव्हता. अधिक काम दाखवले तर दर उतरतील अशी त्यांना धास्ती होती. म्हणजे कामगारांजवळही कारखान्याविषयीचे ज्ञान होते, आणि ते त्यांनी विचारपूर्वक झाकून ठेवले होते. जे सांगितल्याने आपलेच नुकसान होईल, ते कोण कशाला सांगेल? देवघेवीच्या गप्पा करताना हा मुद्दा सहसा विसरला जातो.

अहमदाबादचे माग

आता आपल्या देशाकडे वळू. १९४७ मध्ये अहमदाबादच्या गिरणीमालकांनी एकत्र येऊन कापडधंद्यासाठी 'अटिरा' ही संशोधन संस्था उभारली. तिची धुरा तरुण भौतिकशास्त्रज्ञ विक्रम साराभाई यांच्याकडे होती. सूत आणि यंत्रे यांच्या चाचण्या तेथे होणारच होत्या. विशेष म्हणजे माणसांच्या अभ्यासासाठी तेथे मानसशास्त्राचाही विभाग काढण्यात आला आणि तो कमला चौधरी यांनी सांभाळला. गिरणीच्या संशोधनात मानसशास्त्र कशाला, असे त्या काळी पुष्कळांना वाटले असेल. त्याचे उत्तर शेजारच्याच एका गिरणीत मिळाले.

कॅलिको ही साराभाई घराण्याची गिरणी. तिचे प्रमुख गौतम साराभाई यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील ए. के. राइस यांना पाचारण केले. टॅव्हिस्टॉक ही मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या महायुद्धानंतर काढलेली संस्था. इंग्लंडातील कोळशाच्या खाणींत नवी यंत्रे आल्यावर जुन्या टोळ्या कशा मोडल्या आणि त्याने काम कसे बिघडले, याचा तिने अभ्यास केला होता. १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाच्या दोन लेखकांपैकी एक, केन बॅमफर्थ, हा स्वतः पूर्वी खाणकामगार होता. हे मला फार महत्त्वाचे वाटते.

राइस १९५३ मध्ये गिरणीत आले तेव्हा तेथे स्वयंचलित माग बसवलेले होते. या मागात बाण्याची कांडी संपली की नवी कांडी आपोआप पडते आणि धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तेव्हा उत्पादन वाढायला हवे होते. ते अपेक्षेप्रमाणे वाढत नव्हते. खात्यात २२४ माग आणि २९ कामगार होते, आणि या २९ जणांचे काम १२ प्रकारांत वाटलेले होते. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, तुटलेल्या धाग्यांचा गुंता सोडवणाऱ्याकडे ६० ते ८०. शिवाय जॉबर, तेल घालणारा, झाडणारा, कापड उचलणारा असे इतर होते ते वेगळेच. प्रत्येकाचे काम घड्याळ लावून मोजलेले होते आणि कागदावर त्यात काही चूक नव्हती.

पण हे आकडे पुन्हा वाचून पाहा. विणकराचे माग २४ आणि कांडीवाल्याचे ४०; म्हणजे हा कांडीवाला एका विणकराचा पूर्ण नव्हे आणि दुसऱ्याचाही पूर्ण नव्हे. गुंता सोडवणारा तर तिघाचौघांत वाटलेला. माग बंद पडला तर कोणी कोणाला हाक मारावयाची? आणि त्याने आधी कोणाकडे जावयाचे? २९ माणसे एकाच छपराखाली होती, पण ही आपली माणसे आणि हे आपले माग असे म्हणण्याची सोय कोणालाच नव्हती.

राइस यांनी सुचविले ते साधे होते. ठरावीक माग एका लहान गटाकडे सोपवावेत आणि त्या मागांवरील जवळजवळ सर्व कामांची जबाबदारी त्या गटाची असावी. कल्पना आधी व्यवस्थापकांशी, मग देखरेख करणाऱ्यांशी बोलून झाली. मग ती जॉबर आणि कामगार यांच्यापर्यंत गेली. पुढे जे घडले त्याची अपेक्षा कोणीच केली नव्हती. वरून आराखडा येण्याची वाट न पाहता कामगारांनीच आपसांत बसून गट पाडले. कोणी कोणाबरोबर काम करावयाचे हेही त्यांनीच ठरवले. सात जणांनी मिळून ६४ माग सांभाळावयाचे अशी रचना झाली. घडी बसल्यावर मागांची कार्यक्षमता शेकडा ८० च्या आसपास होती ती ९५ च्या आसपास गेली, आणि सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० वर आले. यंत्रे तीच होती आणि माणसेही तीच होती.

राइस यांनी १९५८ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. जगभरच्या व्यवस्थापन शाळांतून अहमदाबादचा हा प्रयोग शिकवला गेला. सन १९७० मध्ये त्यांचे सहकारी एरिक मिलर यांनी पुन्हा पाहणी केली. एका ठिकाणी ही पद्धत इतक्या वर्षांनंतरही जवळजवळ जशीच्या तशी चालू होती; इतर ठिकाणी ती मोडकळीस आली होती किंवा नाहीशी झाली होती. बाजार बदलला, कापडाचे प्रकार बदलले, वरचे अधिकारी बदलले. गटाला हवी असलेली मोकळीक जेथे राखली गेली नाही तेथे गट टिकला नाही. पुढे ती गिरणीही बंद पडली. तरी मूळ गोष्ट उरते ती अशी की, राइस यांच्या नावावर जमा असलेल्या या ज्ञानातला मोठा भाग त्या विणकरांनी आपल्या हातांनी घडवला होता. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मात्र त्यांच्यापैकी कोणाचे नाव नाही.

संस्था उभी राहते

अटिरात मिळालेल्या अनुभवाचा पुढचा टप्पा म्हणजे अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था. या संस्थेसाठी आरंभी मुंबईचेही नाव होते. पण विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई आणि गुजरातचे पहिले मुख्यमंत्री डॉ. जीवराज मेहता यांच्या खटपटीने ती १९६१ च्या डिसेंबरात अहमदाबादला स्थापन झाली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि स्थानिक उद्योग असे तिघे त्यात होते. फोर्ड प्रतिष्ठानची मदत आणि हार्वर्डचे सहकार्य होते. मुंबईत १९६५ मध्ये विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था निघाली, तिला स्टॅनफर्डचे सहकार्य लाभले.

अहमदाबादच्या संस्थेचा पाया घालणाऱ्या प्राध्यापकांत कमला चौधरी होत्या. हार्वर्डहून केसपद्धती आली, पण अमेरिकेतील कंपन्यांचे पेच वाचून येथील गिरणी किंवा येथील शेतमालाचा बाजार कळणार नव्हता. म्हणून प्राध्यापकांना पुन्हा तेच करावे लागले : गिरण्यांत, सहकारी संघांत, शेतांवर जाऊन आपल्याकडच्या केसेस लिहाव्या लागल्या. उलट बाजूने, उद्योगांतील अनुभवी अधिकारी काही आठवड्यांसाठी विद्यार्थी होऊन वर्गात बसू लागले.

कलाशाखेच्या वाचकांसाठी एक आडवाटेची गोष्ट सांगतो. मनोविश्लेषक एरिक एरिकसन १९६२ मध्ये मानवी जीवनक्रमावरील परिसंवादासाठी अहमदाबादला आले. तेथे त्यांना १९१८ च्या गिरणी संपाची हकिकत नव्याने भेटली. त्या संपात कामगारांच्या बाजूने अनसूयाबेन आणि मालकांच्या बाजूने त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल साराभाई उभे होते, आणि गांधीजींनी उपवास केला होता. त्यातून एरिकसन यांचा गांधीजींवरील ग्रंथ १९६९ मध्ये निघाला. गौतम आणि विक्रम हे याच अंबालालांचे पुत्र. ज्या शहराने मालक आणि मजूर यांच्या झगड्यातून वाटाघाटीची रीत शिकून घेतली, त्याच शहरात कामगारांनी स्वतःचे गट पाडण्याचा प्रयोग झाला, हे मला निव्वळ योगायोगाचे वाटत नाही.

जवाजा

भागीदारीचा याहून धाडसी अर्थ लावला तो संस्थेचे पहिले पूर्णवेळ संचालक रवी मथाई यांनी. ते उद्योगातून शिक्षणात आलेले. संचालकपद त्यांनी १९७२ मध्ये आपण होऊन सोडले आणि साधे प्राध्यापक म्हणून राहिले. १९७५ मध्ये त्यांनी राजस्थानातील जवाजा या दुष्काळी भागात, राष्ट्रीय डिझाइन संस्थेला बरोबर घेऊन, काम सुरू केले. येथे पलीकडचा भागीदार म्हणजे मोठी कंपनी नव्हती. गावांतले विणकर आणि चामड्याचे काम करणारे कारागीर होते. त्यांचे कसब जुने होते, पण कच्चा माल सावकाराकडून आणि विक्री दलालाकडून, म्हणून किंमत ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. माल कोठून घ्यावा, हिशेब कसा ठेवावा, भाव कसा मागावा, चालतील अशा वस्तू कोणत्या, हे त्यांनी शिकावे आणि शिकवणाऱ्यांनी हळूहळू बाजूला व्हावे, असा हेतू होता. काम सोपे नव्हते. पण व्यवस्थापनाचे ज्ञान मालकाच्या खोलीपलीकडेही जाऊ शकते, हे जवाजाने दाखवले. मथाई यांचे १९८४ मध्ये निधन झाले. या प्रयोगावरील त्यांचा ग्रंथ दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाला.

पुन्हा त्या वहीकडे

या साऱ्यावरून मला असे वाटते की शाळा आणि उद्योग यांच्या कोणत्याही कराराला तीन प्रश्न विचारावेत. शाळा तेथे काही शिकायला जाते आहे, की नुसते मनुष्यबळ पुरवायला? उद्योग आपले फसलेले पान दाखवायला तयार आहे काय? आणि जे ज्ञान गोळा होईल ते ज्यांच्या हातांतून आले, त्या तिसऱ्या भागीदारापर्यंत परत जाणार आहे काय? हॉथॉर्नमध्ये पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बरी होती, तिसऱ्याचे नव्हते. अहमदाबादला, काही काळ का होईना, तिसऱ्याचेही उत्तर मिळाले. आमच्या करारात हे प्रश्न कोणी विचारलेच नव्हते. हा दोष एकट्या कारखान्याचा नाही, आम्हां शिक्षकांचाही आहे.

त्या विद्यार्थिनीला मी तिची सबंध वही मागितली. निष्कर्षाची ओळ सोडून मागची पाने चाळली. एका पानावर तिने पेन्सिलीने टेबल काढले होते आणि त्याभोवती पाच बायका. खाली लिहिले होते की साहेबांनी प्रत्येकीला काम नेमून दिले आहे, पण मनगट भरून येते म्हणून बायका दर तासाला आपसांत जागा बदलतात. सर्वांत चपळ बाईला नेहमी शेवटी ठेवतात म्हणजे खोकी साचत नाहीत. आणि नवी मुलगी आली की तिला दोन जुन्या बायकांच्या मधे बसवतात. साहेब फिरकले की सगळ्या आपापल्या जागी.

"हे अहवालात का नाही लिहिलेस?" मी विचारले.

"सर, हे काय लिहायचे? हे तर त्यांचे नेहमीचेच आहे. आणि साहेबांना कळले तर त्या बायकांना बोलणी बसतील."

ज्यासाठी मेयो हॉथॉर्नला गेले आणि राइस अहमदाबादला आले, ते तिने पंधरा दिवसांत चिठ्ठ्या चिकटवता चिकटवता टिपले होते. आणि ते सांगावे की झाकावे याचा विवेकही तिच्याजवळ होता. मी तिला पूर्ण गुण दिले. ते पान मात्र, तिच्या म्हणण्याप्रमाणे, अहवालाला जोडले नाही.

यंदा कराराचे नूतनीकरण व्हावयाचे आहे. मी एक कलम सुचवले आहे : विद्यार्थ्यांची निरीक्षणे अधिकाऱ्यांपुढे वाचण्याआधी ती ज्यांच्याविषयी आहेत त्यांच्यापुढे वाचली जावीत, आणि त्यांच्या संमतीनेच पुढे जावीत, त्यांवरून कोणाचा दर वा जागा यांस धक्का लागू नये. या कलमावर अद्याप चर्चा चालू आहे. ते मान्य झाले, तर पुढच्या खेपेस जाणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे राहील की खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्या लागल्या तर खुशाल चिकटवा. पण टेबलाभोवती कोण कसे बसले आहे ते पाहा, आणि ते तसे का बसले आहेत हे त्यांनाच विचारा.